कचरा सरांचं घर

वर्गात कोणी कागद भिरकावला की आमचे कचरा सर शिकवणं थांबवून विचारत, "फेकला म्हणजे कुठं गेला, बे?" पोरगं खिडकीबाहेर बोट दाखवी. "तिकडं कोणी राहत नाही काय?" सर पुढं विचारत. नागपूरच्या कॉलेजात सरांनी जन्मभर एकच विद्या शिकवली. कचरा जमिनीत असा कोंडायचा, की त्यातून झिरपणारं काळं पाणी विहिरींपर्यंत पोचता कामा नये. तळाला दाबलेली चिकणमाती, वर जाड प्लॅस्टिक. बाकीचं इंजिनिअरिंग मी विसरलो. हे विसरता येत नाही.

शहराबाहेरच्या कचऱ्याच्या खड्ड्याचं डिझाइन सरांचंच. गावकरी चिडलेले होते. सभेत गुलाबराव नावाचे शेतकरी उठून म्हणाले, "इतकं चांगलं हाय तं तुमीच राहा ना इथं!" सर मुळात तापट. "राहतो," म्हणाले, आणि खरंच खड्ड्याशेजारी प्लॉट घेऊन घर बांधलं. सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हे कळलं ते थेट भूमिपूजनाच्या दिवशी.

पाहुणा आला की सर विहिरीचं पाणी पुढे करत आणि तो पिईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. पाणी उत्तमच होतं. पण हवेला काही प्लॅस्टिक लावता येत नाही. वास यायचा, माशा यायच्या, आणि काकूंना दमा. पुण्यात राहणारी त्यांची मुलगी बोलावून बोलावून थकली. सर म्हणत, "मी हललो तर गाव समजेल, पाण्यात काहीतरी आहे. ते कुठं जातील?"

"कचऱ्यासंगं मलेही कोंडलं या माणसानं," काकू एकदा हसत मला म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंना धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

तेराव्याला गुलाबराव सरांजवळ बसले. "सर, आता पोरीकडं जा. एकटे काहून राहता इथं?"

"मी गेलो तर हे पाणी प्याल तुम्ही?"

"हे काय बोलून राहिले सर? आमी तं कवापासून पिऊन राहिलो."

"सभेत तुम्हीच म्हणाला होतात, इथं राहा म्हणून."

गुलाबराव आठवत राहिले. "मी? रागात म्हटलं असंन, सर. त्याचं काय एवढं!"

मुलीनं सरांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. संध्याकाळी त्यांनी ती स्वतःच उचलून आत नेली.

"बाबा, आता तरी चला ना," मुलगी रडत म्हणाली.

"तिला नेलं नाही," सर म्हणाले, "मग मी कोणत्या तोंडानं येऊ?"