कुंडीतला कढीपत्ता

नवऱ्याच्या हवाई दलातल्या बदलीमुळे आम्ही चंदीगडला होतो. शेजारी एक म्हातारे सरदारजी भाड्याने राहत. जुने जहागीरदार. अतिरेक्यांच्या धमक्यांमुळे त्यांनी गाव सोडलं आणि ‘ते कायमचेच गेले’ म्हणत भाऊबंदांनी हवेली, जमीन सगळं बळकावलं. खालच्या कोर्टानेही तेच मानलं. म्हणून हायकोर्टात अपील. तारखेच्या दिवशी खळ घातलेली पगडी बांधून ते असे ताठ निघत, की बघत राहावं.

मी त्यांना कढीपत्त्याचं रोप दिलं. एवढं अंगण असून त्यांनी ते कुंडीतच ठेवलं.

“जमिनीत लावा ना, जी,” मी हिंदीत म्हटलं.

“बेटी, जमीन में लगा दिया, तो मैं सचमुच यहाँ का हो गया।”

अपील फेटाळलं गेलं, त्या संध्याकाळी मी घाबरतच डोकावले. पगडीही न उतरवता सरदारजी रोप मोठ्या कुंडीत हलवत होते.