जित्या बाईचा टाक

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरले. ही विसरता आली नाही.

कोयनेच्या भूकंपाला वर्ष उलटलं होतं. कोयनानगरात लोक अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि आमचं पोलीस ठाणंही तशाच एका शेडमध्ये होतं. एका सकाळी कुबडी टेकत एक म्हातारी आली.

"माझ्या घरात नवी सून जित्या बाईचा टाक गळ्यात घालून फिरतीया. तक्रार लिवून घ्या."

आमच्या भागात दुसरेपणाची बायको मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते. म्हातारीची थोरली सून भूकंपात बेपत्ता झाली होती. प्रेत मिळालं नव्हतं, तरी मुलानं टाक घडवून दुसरं लग्न उरकलं. आता एका ट्रक ड्रायव्हरनं त्या सुनेला गुहागरकडे पाहिलं होतं.

ठाणे अंमलदार हसले. "आजी, मग तुमच्या पोरालाच बेडी घालावी लागंल."

"घाला की. मी धरून देते."

चौकशी बाईची, म्हणून मला पाठवलं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर. मागे तडकलेल्या भिंती आणि इथे सुरूच्या बनापलीकडे निळा समुद्र, माडांच्या वाड्या. एवढ्या देखण्या जागी कुणी लपायला येत असेल, हे पटत नव्हतं.

एका वाडीत ती सुपारी सोलताना सापडली. नाव भलतंच सांगितलं, गावही भलतंच. खोटं बोलणारी माणसं सहसा फार बोलतात. हिची मात्र प्रत्येक प्रश्नाला मान खाली जात होती. मी प्रश्न थांबवले.

"तुझ्या सासूनं पाठवलंय मला."

हातातली सुपारी पडली. "आत्ती जित्या हायती?"

मग सगळं बाहेर आलं. त्या रात्री नवरा घरी नव्हता. पहाटे जमीन हादरली तशी ती एकटीच बाहेर पळाली. शेजारी झोपलेल्या सासूला हाक मारली नाही. वळून पाहिलं तर घर बसलेलं. "कुणाला तोंड दावायचं, बाई? तशीच घाटाला लागले."

मी तिला परत आणलं. दारात तिला पाहताच नव्या सुनेनं गळ्यातला टाक काढला आणि पदर तोंडावर ओढला. नवरा जमिनीकडे बघत राहिला. थोरलीनं सासूचे पाय धरले.

"पळालीस ते बेस केलंस," म्हातारी म्हणाली. "मला आधी जाग आली असती तर मीबी तुला टाकून पळाले असते." मग तिनं नव्या सुनेकडून टाक घेऊन मुलाच्या हातात ठेवला. "घे. आता तुझा तूच घाल."

दुसऱ्या लग्नाची तक्रार कायद्यानं थोरलीनंच द्यावी लागते. तिनं दिली नाही. "मी कुठल्या तोंडानं कुणाला नावं ठेवू?" एवढंच म्हणाली. मी कागद बंद केले.

पळतो तो गुन्हेगार, असं आम्हाला शिकवलं होतं. पण गुन्हा करून पळालेला कधीतरी घराकडे फिरकतो, तिथेच सापडतो. लाजेनं पळालेला फिरकत नाही. त्याला घरातूनच कुणीतरी बोलावणं धाडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी चिपळूणकडे निघालेल्या एस.टी.त थोरली दिसली. शेजारी, कुबडी मांडीवर आडवी घेऊन, म्हातारी बसली होती.