दुसऱ्यांदा विचारणाऱ्या कुमुदताई

ॲड. कुमुदताई रासकर यांनी मला पहिल्याच भेटीत माझ्याच दवाखान्यातून बाहेर काढले होते. निमगाव केतकीच्या बाजाराचा दिवस होता, बाहेर पेशंट खोळंबले होते, आणि या बाई एका म्हातारीला घेऊन आत आल्या. म्हातारीला मृत्युपत्र करायचे होते. ती पूर्ण शुद्धीत आहे आणि तिला सगळे समजते, असा डॉक्टरचा दाखला ताईंना हवा होता. तपासून मी लिहायला घेतले, तेवढ्यात ताईंनी म्हातारीच्या मुलाला चहा प्यायला पाठवले आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीपण." मी निमूटपणे टपरीवर त्या मुलाशेजारी जाऊन बसलो. त्यानंतर आजवर ताई सांगतील तिथे मी बसत आलो आहे.

ताईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी लिहायला सांगताना संपादक मंडळाने बजावले होते, की प्रसंग आनंदाचा आहे, लेख प्रसन्न असू द्या. प्रयत्न करतो. पण मी मुळातच भित्रा माणूस, आणि ताईंचे काम असे, की त्यात भीतीखेरीज दुसरे मी फारसे काही पाहिलेले नाही.

मृत्युपत्राचे नाव काढले की आपली माणसे म्हणतात, ऊस तुटून जाऊ द्या. ऊस गेला की लगीनसराई आडवी येते. सही केली की यम दारात उभा राहतो, ही खरी धास्ती. मोरगावच्या एका आजींनी तर कागद पाहताच तोंड फिरवले होते. ताई म्हणाल्या, "आजी, मी माझं कधीच करून ठेवलंय. बघा बरं, जिती हाय का न्हाय मी?" आजींनी ताईंचे मनगट दाबून पाहिले आणि मगच त्या बोलायला लागल्या. मृत्युपत्र हवे तेव्हा बदलता येते आणि शेवटचे तेवढे धरले जाते, वडिलोपार्जित जमिनीत आपल्या वाट्यापुरतेच देता येते, बँकेत नॉमिनी म्हणून नाव लावले तरी तो मालक होत नाही, हे ताईंनी त्यांना घरगुती भाषेत समजावले. हे शेवटचे ऐकून मीच घरी गेल्यावर माझी पासबुके काढून बसलो.

ताईंच्या एका नियमाने आम्हा सगळ्यांना छळले. पहिल्या भेटीत त्या कधीच सही घेत नाहीत. आठवडाभराने पुन्हा येतात आणि तेच सगळे एकांतात पुन्हा विचारतात. घाबरलेला माणूस पढवलेले बोलतो, असे त्यांचे म्हणणे.

कळसच्या यशवंतआबांच्या वेळी मात्र मला हा नियम नको झाला होता. आबांचा थोरला मुलगा वारलेला. त्याची विधवा पत्नी मंगल आबांचे सगळे करायची. धाकटा शेजारी राहायचा आणि त्याच्यापुढे गावात कुणी ब्र काढत नसे. राहते घर आणि थोडी जमीन आबांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. ताई विचारायला बसल्या तेव्हा धाकटा बाहेर जातो म्हणाला आणि दाराबाहेरच थांबला. आबा म्हणाले, सगळे धाकट्याला. मंगल आत स्वयंपाक करत होती, तिने ते ऐकले असणार.

मला ताईंनी तपासायला सोबत नेले होते; आबांची नाडी माझ्या हातात होती आणि ती चुकत होती. त्यांचे हृदय थकले होते. बाहेर आल्यावर मी ताईंना म्हणालो, आजच सही घ्या, हा माणूस आठवडा काढेलसे वाटत नाही. ताई म्हणाल्या, "कागद न होता गेले, तरी मंगलला वारस म्हणून वाटा आहे. आज सही झाली तर तिला काहीच नाही. आणि आबा बोलताना दाराकडे बघत होते, डॉक्टर."

तो आठवडा मी कसा काढला ते माझे मला माहीत. कळसहून फोन आला की उचलण्याआधी मी तो दोनदा वाजू द्यायचो. आठवड्याने ताईंनी आबांना तपासणीच्या निमित्ताने दवाखान्यात आणवले, या वेळी मला आत राहू दिले, आतून कडी लावली आणि पुन्हा विचारले. आबांनी आधी कडी नीट लागली आहे ना ते पाहिले.

"समदं त्याला द्या म्हनलो, ते भ्यानं. पोटचा हाय, पर भ्या वाटतंय मला त्याचं. घर आन् रान मंगलच्या नावानं करा. मी गेल्यावर तो पोरीला हितं टिकू द्यायचा न्हाय."

ताईंनी तसे लिहिले. साक्षीदार दोन लागतात. गावात विचारले तर एकाला परगावचे लग्न आठवले, दुसऱ्याची कंबर धरली. शेवटी एक सही मी केली. ती सही माझी म्हणून आजही ओळखू येणार नाही. दुसरी ताईंनी केली. साक्षीदार झाल्यावर मंगलची वकील म्हणून आपल्याला उभे राहता येणार नाही, हे ठाऊक असून केली. इंदापूरला कागद नोंदला गेला.

आबा पुढे वर्षभर जगले. ते गेल्यावर धाकट्याने दावा लावला, की म्हाताऱ्याला भान नव्हते, मृत्युपत्र खोटे. नोंदणी झाली म्हणजे काम संपले, अशी आपली समजूत असते. तसे नसते. आपल्याकडे प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही, पण वाद निघाला की दोघांपैकी एका साक्षीदाराला तरी कोर्टात सांगावे लागते, की माझ्यासमोर सही झाली. आमची साक्ष अजून व्हायची आहे. तारखा पडतात. मधेच एक तगडा माणूस दवाखान्यात येऊन बसतो, काही दुखत नाही म्हणतो, माझ्या मुलाचे दुकान बारामतीत नेमके कुठे आहे ते विचारतो आणि निघून जातो.

हे ताईंना सांगितले तेव्हा धीर देतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "भीती मलाही वाटते. रोज वाटते. पण आपण दोघं मागं सरलो तर तिनं कुणाकडं बघायचं?" मग माझे ब्लडप्रेशर किती आहे ते विचारून त्यांनी मला गोळ्यांवरून झापले.

गेल्या थंडीत ताईंना न्यूमोनिया झाला. त्या बारामतीला दवाखान्यात होत्या, तेव्हा मंगल दर बाजारी माझ्याकडे यायची. "बाईंचं कसं हाय?" एवढेच विचारायची आणि उत्तर ऐकताना माझ्याही तोंडाकडे निरखून पाहायची. एकदा जाता जाता म्हणाली, "डॉक्टर, तुमी बी जपा." तिची काळजी खरीच होती, आणि तिच्या डोक्यावरचे छप्परही आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या श्वासावर आहे, हे तिला कळत होते.

या ग्रंथात अनेकजण ताईंना शतायुषी व्हा म्हणतील. मी भिऊन म्हणतो आहे. ताई, आता बऱ्या झाला आहात, तर थंडीत बाहेर पडू नका, जेवण टाळू नका. पुढच्या तारखेला आपल्या दोघांना चालत कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.