काढून टाकलेला परिच्छेद

आत्माराम साळवी सर रत्नागिरीच्या एका कॉलेजात लेखनकौशल्य शिकवतात आणि दर रविवारी इथल्या दैनिकात राजकारणावर सदर लिहितात. अठरा वर्षं झाली. दिल्लीत सरकार डळमळलं, अमेरिकेत निवडणूक लागली, की सरांची लेखणी तयार. ‘तळागाळाचा आवाज’ या विषयावर तर त्यांचे नऊ लेख आहेत. अमेरिकेला याची खबर नाही, पण मच्छीमार्केटात चार ओळखीचे “सर, रविवारचं वाचलं हां” म्हणायचे आणि तेवढ्यावर सरांचा आठवडा निघायचा. गर्व होता का? होता. अठरा वर्षं फुकट लिहिणाऱ्याने तेवढाही ठेवायचा नाही तर काय!

मग संपादकांनी गुरुवारचं सदर निशिगंधाला दिलं. ही सरांचीच विद्यार्थिनी, लांज्याजवळच्या एका वाडीतली, आता पतसंस्थेत कारकून. हायवेचं रखडलेलं काम, एसटीची बंद झालेली फेरी, निवडणूक आली की उगवणारे पुढारी, असलं लिहायची. आणि लोक वाचायचे! महिन्याभरात चौकातला पेपरवाला सरांनाच म्हणाला, “सर, तुमची ती पोरगी काय लिवते हो! गुरवारचा अंक उरत नाय.” सर हसले. घशात बांगड्याचा काटा अडकलेला माणूस पाहुण्यांसमोर हसतो, तसे. घरी येऊन बायकोला म्हणाले, “लिहिते कसली, गावगप्पा मारते.” दर्शनावहिनी भाजी निवडत होत्या. “मग गुरुवारचा पेपर तुम्ही सगळ्यांच्या आधी का उघडता?” सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यातून पोरगी गुणाची. छापायला देण्याआधी लेख अजून सरांना पाठवायची. “सर, जरा नजरेखालून घाला. तुम्ही खोडाल ते खोडलं.” तिचा हा विश्वासही सरांना टोचायचा.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर तिचा लेख आला, तो वाडीच्या गावकीवर. गावकी देवळात बसते, मत कुणाला ते ठरवते आणि अख्खी वाडी त्याचंच बटण दाबते. बायका मागे बसतात आणि ऐकतात. यंदा एका उमेदवाराने देवळापुढच्या मांडवाला पत्रे देऊ केले नि गावकी राजी झाली. तेव्हा निशिगंधाची आई सगुणा जन्मात पहिल्यांदा तिथे उठून बोलली. “देवान पत्रे मागितलान काय? त्याच्या आंघोळीचा पानी आमी बाया डोक्यावरना आनताव. पत्रे देवाला, मता पुढाऱ्याला, नि आमाला काय?”

सरांनी तो परिच्छेद तीनदा वाचला. अठरा वर्षांत आपल्याला असं एक वाक्य साधलेलं नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं आणि पोटात दुखू लागलं. त्यांनी लगेच कळवलं, “आईचा परिच्छेद गाळ. घरची माणसं लेखात आणली की विश्लेषणाची उंची जाते.”

तिने गाळला. लेख छापून आला आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, पेपरवाल्यानेही नाही. त्या गुरुवारी सरांनी दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात सगुणा स्वतः कॉलेजात हजर. स्टाफरूमच्या दाराशी चपला काढल्या, “बसा” म्हटलं तरी बसेना.

“सर, येक इचारायचा होता. माजा बोलना लेकीन लिवलान, नि तुमी काढलाव. गावकीवाले माज्यावर चिडलेले, बाईन बोलू नये म्हनून. मी बोल्ले, पेपरात येऊ द्या, मंग बघा. आता ते हसतात. शिकल्या मानसाला पन पटला नाय, बोलतात. उद्या परत बैठक हाय. माजा चुकला आसंल तर सांगा, गप ऱ्हाते.”

लेखनाचे नियम सांगून सरांना सुटता आलं असतं. ते जिभेवर आलेही होते. पण ही बाई त्यांच्या एका शब्दावर कायमची गप्प बसायला तयार होऊन आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सरांबद्दल शंकेचा लवलेश नव्हता. सरांना स्वतःची लाज वाटली.

“तुमचं काही चुकलं नाही, सगुणाताई,” ते म्हणाले. “मी जळलो. तुम्ही बोललात ते मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, म्हणून काढायला लावलं.”

 सगुणा रागाने नव्हे, समजूत घालावी तशी म्हणाली, “तुमाला कसा सुचंल, सर? तुमच्याकडं नळ हाय.”