मागून येणारी हाक

नव्या, चकाचक काचबंद दुकानात चादरीच्या लेबलावर एक किंमत खोडून खाली दुसरी छापली होती. म्हणजे घासाघीस मला न विचारताच उरकली होती. माझं डोकं सरकलं.

"शेवटचं काय ते बोला," मी म्हणालो.

"सर, लिहिलंय ना," काउंटरवरची मुलगी हसली.

"वाचता मलाही येतं. बोला म्हणालो मी."

बायको कुजबुजली, "अहो, इथे नका सुरू करू."

चादर तिथेच टाकून मी दाराकडे निघालो. आयुष्यभर मी असाच निघत आलोय, आणि पायरी उतरायच्या आत दुकानदाराची हाक आलीच आहे: "या हो शेठ, तुमचंही नको, माझंही नको, मधलं घ्या!" त्या हाकेत लोभ असायचा, वैतागही असायचा, पण ती मलाच असायची. इथे लेबल सांगेल ते ऐकायचं आणि स्वतःला नशीबवान समजायचं. मी गेलो काय, राहिलो काय, कुणाला फरक?

मी पावलं मुद्दाम आखडली. कान मागेच होते. दार मात्र आपोआप उघडलं.

"अहो!"

मी ताठ मानेने वळलो. बायको होती. तिने बिल चुकतं केलं होतं.

"धरा ही."

पिशवीवर छापलं होतं: पुन्हा या.