तिच्या वाट्याची झोप

क्षमा हल्ली ताटावर बसल्या बसल्या झोपते, हे काही केल्या वनमालाबाईंच्या मनातून जात नव्हतं. कुळथाच्या पिठीत भात कालवलेला, हात तसाच ताटात, मान किंचित उजवीकडे कललेली, आणि डोळे मिटलेले. हाक मारली की लगेच जागी होई आणि पहिला घास घेतल्यासारखी जेवायला लागे, जणू मध्ये काही झालंच नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, तिला झोप येते म्हणून आईनं किती काळजी करायची? पण लहानपणी ही मुलगी दुपारी बदडूनसुद्धा झोपत नसे, हे वनमालाबाईंना आठवायचं आणि जेवणावरचं मन उडायचं.

भांडुपच्या कोकणनगरात, जिथं पूर्वी त्यांची चाळ होती तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर मायलेकी राहतात. सासरे काशीराम गिरणीतले. त्यांनी हट्टानं सुनेला लग्नानंतर बी. ए. पूर्ण करायला लावलं, म्हणून वनमालाबाई शाळेच्या ग्रंथालयात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली. क्षमा घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. मोडून जोडलेल्या माणसांना परत उभं करायचं, हे तिचं काम. लग्न केलं नाही. त्यावरून घरात जेवढं भांडायचं तेवढं भांडून झालं आणि मग दोघींनी तो विषय सोडून दिला.

इमारतीतल्या लोकांना क्षमा म्हणजे गुडघ्याचे व्यायाम सांगणारी पोरगी. देशभरच्या रस्ता सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थांची जी मोठी आघाडी आहे तिची ती प्रमुख आहे, हे सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नाही. खालच्या मजल्यावरच्या माणिकताईंनी तर एकदा विचारलंच, मग बंगला-बिंगला मिळणार का गं?

याची सुरुवात चंपापासून झाली. चंपा वाकोल्याची भाजीवाली. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर टेम्पोनं उडवली आणि मांडीचं हाड मोडलं. क्षमानं तिला कित्येक महिने चालायला शिकवलं. शेवटच्या दिवशी पेढे देऊन चंपा म्हणाली, मॅडम, चालता येतंय, पण घरी जाता येत नाही. म्हणजे काय, ते बघायला क्षमा तिच्याबरोबर गेली. सिग्नल हिरवा झाला, चंपा काठी टेकत निघाली आणि अर्ध्यात पोचायच्या आत समोरून गाड्या सुटल्या. दवाखान्यात जी चाल उत्तम म्हणून कागदावर लिहिली होती, ती चाल त्या रस्त्याला पुरत नव्हती. क्षमा त्या सिग्नलच्या मागे लागली. अर्ज केले, चौकीत जाऊन बसली, पुन्हा अर्ज केले. शेवटी सिग्नलची वेळ वाढली. चंपा अजून अधूनमधून अळूची गड्डी पाठवते.

एका सिग्नलचं दुसऱ्या सिग्नलला कळलं, एका शहराचं दुसऱ्या शहराला. कुठं मूल गमावलेले आईबाप होते, कुठं इंजिनिअर, कुठं वकील. सगळ्यांची मिळून आघाडी झाली तेव्हा प्रमुख कोण, यावरून पहिल्याच बैठकीत वाजलं. दिल्लीच्या वकिलांना चेन्नईचे इंजिनिअर चालेनात, इंजिनिअरांना वकील. क्षमा कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची झाली. दिंडोशीचे नंदकुमार, विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि आता आघाडीत तिचा उजवा हात असलेले, हसून म्हणतात की आम्ही नेता निवडला नाही, पंच निवडला.

पंचाचं काम काय असतं ते वनमालाबाईंनी घरबसल्या बघितलं. दिवसभर दवाखाना. सगळे सभासद नोकरीधंद्याचे, त्यामुळे आघाडीचं काम संध्याकाळनंतर सुरू. एका निवेदनावर कुणाचं नाव आधी, यावरून कुणीतरी रुसलेलं असायचं. त्याची समजूत काढली की दुसरा. मधेच कुठल्यातरी गावाहून रडणाऱ्या बाईचा फोन, तो मात्र क्षमा कधी लवकर ठेवायची नाही. शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या शहरात. परत आली की बॅग उघडायच्या आधी पुन्हा फोन. तिचा आवाज कायम समजूतदार आणि शांत असायचा. तो तसा ठेवायला किती जोर लागतो, ते आईला तिच्या खांद्यांकडे बघून कळायचं.

आणि या वर्षी आघाडीनं धरलेली मागणी कोणती, तर ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना पुरेशी झोप मिळालीच पाहिजे, तसा नियम करा. त्या मागणीचा मसुदा क्षमानं स्वतः लिहिला. न झोपता लिहिला. वनमालाबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, ड्रायव्हरांच्या झोपेसाठी तू आपली झोप विकलीस की काय? क्षमा हसली आणि लिहीत राहिली.

मग एके दिवशी वनमालाबाई भाजी आणायला खाली उतरल्या तर क्षमाच्या स्कूटरचा डावा आरसा नाही. संध्याकाळी विचारलं. पार्किंगमध्ये कुणीतरी पाडली, असं उत्तर आलं. वनमालाबाईंनी ऐकून घेतलं. पण धुण्याच्या बादलीत तिचा कुर्ता हाती लागला, डाव्या बाहीवर निळा रंग घासलेला आणि कोपराजवळ फाटलेला. एल. बी. एस. रोडवर मेट्रोच्या कामाला जे पत्रे लावलेत, त्यांचा तो निळा. त्या कुर्ता घेऊन तशाच बाहेर आल्या.

"पार्किंगमध्येही पत्रे लावले काय गं?"

क्षमानं कुर्त्याकडे बघितलं. खोटं रेटायचीसुद्धा ताकद तिच्यात उरली नव्हती.

"डोळा लागला, आई. क्षणभरच. पत्र्याला घासत गेले, पडलेही नाही."

"गाडी चालवताना?"

"हो. आणि हे तू कुणाला सांगायचं नाहीस. शपथ घे म्हणत नाही. नुसतं सांगायचं नाही."

वनमालाबाई हो म्हणाल्या. खरं तर हो म्हणाल्या नाहीत, गप्प बसल्या. पण मायलेकींमध्ये गप्प बसण्याचा अर्थ तोच धरला जातो.

रविवारी दुपारी आघाडीची बैठक असते, कॉम्प्युटरवर. क्षमा बाहेरच्या टेबलाशी बसते आणि वनमालाबाई आत स्वयंपाकघरात काहीतरी सोलत ऐकत असतात. त्यातली अर्धी इंग्रजी त्यांना कळते आणि हिंदी तर सगळीच. या बैठकीची एक रीत आहे आणि ती क्षमानंच घातलेली. कामाला हात घालण्याआधी प्रत्येकानं त्या आठवड्यात आपण स्वतः कुठं थोडक्यात वाचलो ते सांगायचं. चूक आपली असो की दुसऱ्याची, लाज न बाळगता सांगायची, आणि ऐकणाऱ्यांनी बोल लावायचा नाही. कारण दवाखान्यात येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट तिला सांगायचा, मॅडम, आधीही एकदा थोडक्यात वाचलो होतो. ते आधीचं कुणीतरी ऐकलं असतं तर, असं तिला वाटे. ऐकून नुसतं सोडायचंही नाही. जो दमल्यामुळे मरता मरता वाचला असेल, त्याची कामं पुढचा महिनाभर दुसऱ्यांनी वाटून घ्यायची आणि त्यानं घरी बसायचं. पाटण्याचे एक वयस्कर डॉक्टर आणि नागपूरची गंधाली असे दोघे याच रीतीनं घरी बसले होते आणि महिन्याने परतही आले होते.

त्या रविवारी नंदकुमार आधी बोलले. फोनकडे बघत रस्ता ओलांडताना बसच्या ड्रायव्हरनं त्यांना जी शिवी घातली, ती त्यांनी मोजून-मापून हिंदीत भाषांतर करून सांगितली. सगळे हसले. मग एकेकाची पाळी होत होत क्षमाची आली. वनमालाबाईंच्या हातात वाल होते. त्या सोलायच्या थांबल्या.

"माझं या आठवड्यात काही नाही," क्षमा त्याच शांत आवाजात म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

बैठक संपेपर्यंत वनमालाबाई बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा क्षमा कॉम्प्युटर मिटून डोळे चोळत होती.

"खोटं बोललीस."

"आई, आता नको."

"तूच घातलेली रीत ना गं? त्या पाटण्याच्या म्हाताऱ्याला घरी बसवलंस, आणि तू?"

"पुढच्या आठवड्यात दिल्लीत सरकारी समितीपुढे बोलायचंय. मी जाऊन सांगणार की दमलेल्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. आणि ट्रकमालकांचा वकील विचारणार, मॅडम, तुमचा आरसा कुठाय?"

"बरोबरच विचारेल तो."

"झकास. तूच उभी राहा त्याच्या बाजूनं."

दोघींनाही थोडं हसू आलं. ते विरलं तशी क्षमा खुर्चीत मागं टेकली आणि छताकडे बघत बोलू लागली. खरं सांगितलं तर मला घरी बसवतील, रीतच आहे, म्हणाली. मी बसले की दिल्लीवाले आणि चेन्नईवाले पुन्हा एकमेकांची तोंडं बघणार नाहीत. एका कागदावर सह्या करायला यांना किती वर्षं लागली ते तू बघितलंयस. एकदा समितीपुढचं होऊ दे, मग झोपेन मी. हे "मग झोपेन" वनमालाबाईंनी याआधी कितीदा तरी ऐकलं होतं. आधी अधिवेशन झाल्यावर, मग निवेदन गेल्यावर, मग गणपतीनंतर.

"तू बसलीस म्हणून मोडणार असेल, तर मोडू दे ती आघाडी," त्या म्हणून गेल्या.

क्षमानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. रागानं नाही. लांबून चालत आलेल्या माणसाला आणखी तेवढंच चालायचंय म्हणून सांगितलं तर तो जसा बघेल, तसं.

"तुला म्हणायला सोपं आहे, आई. मला फोन करून रडतात ती माणसं तुला नाही करत."

वनमालाबाईंच्या तोंडाशी एक मालवणी शब्द आला होता, तो त्यांनी गिळला. मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या माणसांचा नंबर वनमालाबाईंकडे नव्हता आणि क्षमाकडे होता. फोन वाजला की तिला उचलावाच लागणार. एवढंच ठरलं की दिल्लीला जाऊन येईपर्यंत स्कूटर नाही, घाटकोपरला रिक्षानं जायचं. क्षमानं तसा शब्द दिला.

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन निघाली. वनमालाबाई टॉवेल वाळत घालायला गॅलरीत आल्या आणि सहज खाली बघितलं. क्षमा स्कूटरवर बसलेली. हेल्मेट घातलेलं, दोन्ही हात हँडलवर, गाडी अजून बंद. रिक्षा मिळाली नसेल, किंवा पेशंट खोळंबला असेल, कारण काहीही असेल. वनमालाबाईंना वाटलं, किल्ली शोधतेय. मग वाटलं, फोन बघतेय. पण हात हँडलवरच होते. हेल्मेटातलं डोकं हळूहळू पुढं येत गेलं आणि थांबलं. शेजारून कचऱ्याची गाडी गेली, तिची घंटा वाजली, तरी ते डोकं हललं नाही.

"क्षमे!" त्यांनी हाक मारली. पाचव्या मजल्यावरून ती पोचण्यासारखी नव्हती. टॉवेल तसाच टाकून त्या दाराकडे धावल्या, लिफ्ट वर येण्याची वाट न बघता जिन्यानं उतरू लागल्या आणि तिसऱ्या मजल्यावर पोचतात तोच खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. फाटकाशी पोचल्या तेव्हा ती वळणावरून दिसेनाशी झाली होती.

वॉचमननं विचारलं, काय झालं, आजी? काही नाही, त्या म्हणाल्या. वर येऊन फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. गाडीवर असलेल्या माणसाला फोन करायचा नाही, हे क्षमानंच त्यांना शिकवलं होतं. हातातल्या फोनमुळे आयुष्यातून उठलेली माणसं ती रोज बघते. म्हणजे पुढचा अर्धा तास लेकीला हाकही मारता येणार नव्हती. नुसतं बसायचं. वनमालाबाई बसल्या. मग एकदाचा दवाखान्यातून मेसेज आला, पोचले, डबा विसरले नाही. तेव्हा कुठं त्या उठल्या.

पाणी प्यायल्या आणि त्यांनी शांतपणे विचार केला. सांगितलं तर क्षमा रागावेल. पूर्वी ती वकील व्हायचं म्हणत होती आणि वनमालाबाई नको म्हणाल्या होत्या, तेव्हा ती आईशी पूर्ण पावसाळाभर बोलली नव्हती. तेव्हा तर ती शिकत होती, आता तर तिचं सगळं यातच आहे. कदाचित दिल्लीला दुसरं कुणीतरी अडखळत बोलेल. कदाचित खरंच भांडणं लागतील आणि गावोगावच्या रडणाऱ्या बायांना फोन उचलणारं कुणी राहणार नाही काही दिवस. या सगळ्याचा दोष आपल्यावर येईल, आणि तो येणं चुकीचं ठरणार नाही. हे त्यांनी एकेक करून मनाशी मान्य केलं. मान्य केलं तरी दुसऱ्या बाजूला हेल्मेटातलं ते पुढं झुकलेलं डोकं होतंच.

नंदकुमारांचा नंबर फ्रिजच्या दारावर होता, क्षमा प्रवासात असताना काही लागलं तर असावा म्हणून लिहिलेला. ते सकाळी फिरून येतात, आंघोळ करतात आणि दहाच्या सुमारास पेपर घेऊन बसतात, हे ऐकून माहीत होतं. तोवर वनमालाबाईंनी काय बोलायचं ते ठरवलं. सुरुवातीला तब्येत कशी आहे वगैरे विचारायचं नाही. माझी मुलगी गाडी चालवताना झोपली, मेट्रोच्या पत्र्याला घासली, आणि काल तुम्हा सगळ्यांपुढं काही नाही म्हणाली. आज पुन्हा स्कूटर घेऊन गेलीय. तिला घरी बसवा. एवढंच.

आणि माझं नाव सांगू नका, असं त्यांना म्हणायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं. संध्याकाळी क्षमा विचारेल, कुणी सांगितलं, तेव्हा समोर उभं राहून मी सांगितलं म्हणायचं.

दहा वाजून गेले. वनमालाबाईंनी चष्मा लावला, फ्रिजसमोर उभं राहून एकेक आकडा दाबला आणि फोन कानाला लावला.