कूलर बंद केला तेव्हा

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला हज़रतगंजच्या ऑफिसातली ती दुपार आठवते. ज्युनियरने साहेबांशी थेट बोलायचं नाही, अशी तिथली रीत. एकाच खोलीत बसून मी सीनियरना सांगायचं, त्यांनी साहेबांना. आमचं ऑफिस बांधत असलेल्या पुलाचा एक खांब नकाशात चुकीच्या जागी होता आणि उद्या तिथे काँक्रीट ओतलं जाणार होतं. मी ते सांगितलं, तर सीनियर साहेबांना हसत म्हणाले, "सर, छोटी-सी बात है, बाद में देख लेंगे." मी उठले, घरघरणारा कूलर बंद केला. "सर, छोटी बात नहीं है. खंभा गलत जगह है." साहेबांनी नकाशा माझ्याकडे सरकवला, "दिखाइए." आज त्या टेबलामागे मी बसते. कुणी दुसऱ्याचं म्हणणं सांगू लागलं की कूलर बंद करते आणि मागे गप्प उभ्या असलेल्या मुलीला म्हणते, "हाँ, अब आप बोलिए."